पाण्याच्या वाटेने

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर डनबार नावाचे एक लहानसे गाव आहे. समोर उत्तर समुद्राच्या लाटा आणि त्या लाटांच्या काठी एका जुन्या किल्ल्याच्या पडक्या भिंती, असे त्या गावाचे रूप. या गावी २१ एप्रिल १८३८ रोजी जॉन म्यूर याचा जन्म झाला. त्याचे वडील डॅनियल म्यूर हे धान्याचा व्यापार करीत. ते मोठे धर्मनिष्ठ होते, पण तितकेच कडकही होते. मुलांनी धर्मग्रंथ मुखोद्गत करावा असा त्यांचा आग्रह असे, आणि पाठांतरात चूक झाली की छडीचा प्रसाद ठरलेला असे.

छडीच्या धाकाने जॉन बायबल शिकला, पण घरी बसावयास मात्र शिकला नाही. किल्ल्याच्या ढासळत्या भिंतींवर चढणे हा गावातील मुलांचा आवडता खेळ होता आणि त्या खेळात जॉन सदैव पुढे असे. एकदा रात्री, वडील माणसे निजली असे पाहून, तो आणि त्याचा धाकटा भाऊ डेव्हिड माळ्याच्या खिडकीतून घराच्या उतरत्या छपरावर गेले. जॉन वरच्या टोकापर्यंत जाऊन सुखरूप परतला. डेव्हिडही चढला, पण उतरताना त्याचा धीर सुटला आणि तो रडू लागला. तेव्हा जॉनने एका हाताने खिडकी घट्ट धरली, बाहेर वाकून भावाचे पाय पकडले आणि त्याला आत ओढून घेतले. अरुंद जागी पाय कसा टेकावा, याचे त्याचे शिक्षण असे लहानपणीच सुरू झाले होते.

१८४९ साली म्यूर कुटुंब अमेरिकेस गेले व विस्कॉन्सिन प्रांतातील रानात शेती करू लागले. जॉन तेव्हा जेमतेम ११ वर्षांचा होता. झाडे तोडावी, बुंधे उपटावे, नांगर धरावा, असा त्याचा दिवस पहाटेपासून अंधार पडेपर्यंत चाले. पुढे दुसऱ्या एका शेतावर विहीर खणण्याचे काम वडिलांनी त्याच्यावर सोपविले. वरची थोडी माती सोडली, तर खाली सगळा खडक होता. हातोडा आणि छिन्नी घेऊन जॉन रोज एकटा बादलीतून खाली उतरे. विहीर सुमारे ८० फूट खोल गेली असता एके सकाळी तळाशी साचलेल्या विषारी वायूने तो गुदमरला. वडिलांनी वरून हाका मारल्या, तेव्हा कसाबसा तो बादलीत बसला आणि अर्धमेल्या अवस्थेत वर आला. दोनतीन दिवसांनी तो पुन्हा खाली उतरला. ९० फुटांवर पाणी लागले. पाण्यासाठी असे प्राणावर उदार होण्याचा हा त्याचा पहिला प्रसंग. मात्र येथे इच्छा वडिलांची होती, त्याची नव्हती.

शेतातील कष्टांतून वेळ काढून तो वाचीत असे. मध्यरात्रीनंतर उठून तो तळघरात लाकडाची घड्याळे आणि चमत्कारिक यंत्रे तयार करी. त्यांतील एक यंत्र म्हणजे ठरल्या वेळी झोपलेल्या माणसाला उभे करणारी खाट. १८६० साली मॅडिसन येथील प्रदर्शनात ही यंत्रे पाहण्यास लोकांची गर्दी लोटली. त्यानंतर विद्यापीठात त्याने काही काळ रसायन, भूगर्भ आणि वनस्पती यांचा अभ्यास केला, पण पदवी न घेताच तो बाहेर पडला.

यंत्रांच्या जोरावर तो धनवान झालाही असता. १८६७ च्या मार्च महिन्यात इंडियानापोलिस येथील घोडागाड्यांच्या कारखान्यात काम करीत असता हातातील कानस निसटली आणि तिचे टोक त्याच्या उजव्या डोळ्यात घुसले. थोड्याच वेळात दुसऱ्या डोळ्याचीही दृष्टी मंदावली. कित्येक आठवडे त्याने काळोख्या खोलीत काढले. आता फुले आणि झाडे पुन्हा दिसणार नाहीत, हे दुःख त्याला इजेच्या वेदनेहून अधिक झाले. सुदैवाने दृष्टी परत आली. तेव्हा त्याने कारखान्याला रामराम ठोकला, आणि त्याच वर्षी मेक्सिकोच्या आखातापर्यंत सुमारे १००० मैल पायी चालत गेला. तेथे हिवतापाने त्याला गाठले. प्रकृती सुधारल्यावर तो बोटीने कॅलिफोर्नियास निघाला व १८६८ च्या मार्चअखेर सॅन फ्रान्सिस्को बंदरात उतरला. शहरात न रेंगाळता त्याने सिएरा नेव्हाडा पर्वताची वाट धरली.

या पर्वतात योसेमिटी नावाची एक अद्‌भुत दरी आहे. दरीच्या दोन्ही अंगांस ग्रॅनाइट खडकाचे सरळ तुटलेले कडे आहेत. उत्तरेकडील उंच पठारावर योसेमिटी ओढा उगम पावतो. बर्फाचे पाणी घेऊन तो उघड्या खडकांवरून सुमारे १० मैल वाहत येतो आणि कड्याच्या काठावरून एकाएकी खाली झेपावतो. वरचा धबधबा १४३० फूट उंच आहे. त्याच्या खाली लहानलहान उड्यांची एक मालिका ६७५ फुटांची आणि शेवटचा धबधबा ३२० फुटांचा. एकूण उंची २४२५ फूट भरते. दिल्लीचे दहा कुतुबमिनार एकावर एक ठेवले, तर एवढी उंची होईल. वसंतात बर्फ वितळू लागले की या धबधब्याचा गडगडाट साऱ्या दरीत घुमतो आणि उन्हाळा सरता सरता त्याची नुसती ओली रेघ उरते.

१८६९ च्या उन्हाळ्यात म्यूरला या पर्वतात राहण्याची संधी मिळाली, ती एका मेंढपाळाचा सोबती म्हणून. पॅट डेलनी नावाच्या गृहस्थाच्या २०५० मेंढ्या चाऱ्यासाठी वरच्या कुरणांकडे न्यावयाच्या होत्या. मेंढ्या हाकणारा माणूस निराळा होता. म्यूरने केवळ देखरेख करावी आणि उरलेल्या वेळी हिंडावे, असे ठरले होते. हिंडण्याचे काम त्याने मनापासून केले, हे सांगावयास नकोच.

१५ जुलै रोजी कळप योसेमिटीच्या काठाजवळ पोहोचला. दुपारी म्यूर एकटाच कड्याच्या कडेने निघाला आणि ओढ्याशी आला. त्या काळी धबधब्याच्या माथ्याकडे जाणारी पायवाट दरीतून बांधलेली नव्हती. ती पुढे १८७३ ते १८७७ या काळात तयार झाली. त्याला वाट दाखवीत होते ते पाणीच. जेथे पाणी शेवटची उडी घेते, तेथून खाली डोकावून त्याचे सगळे पडणे पाहावे, अशी अनिवार इच्छा त्याच्या मनात उत्पन्न झाली.

ओढ्याच्या काठचा खडक काचेसारखा गुळगुळीत होता आणि तो दरीकडे उतरत गेला होता. म्यूरने जोडे आणि मोजे काढले. हातांचे व पायांचे तळवे खडकावर दाबून तो प्रवाहाच्या अगदी कडेने इंच इंच खाली सरकला. त्याची अशी कल्पना होती की, हा उतार संपला की सरळ कडा लागेल आणि तेथून खाली पाहता येईल. परंतु उतार संपल्यावर पुढे आणखी एक फुगवटा आला. तो इतका तीव्र होता की, त्यावर उभे राहणे अशक्य होते. त्या फुगवट्याच्या पलीकडे, अगदी काठावर, खडकाची एक कड पुढे आलेली त्याला दिसली. तिची रुंदी सुमारे तीन इंच. टाच टेकेल एवढीच!

येथवर येऊन परतावे, हेच शहाणपणाचे होते. म्यूरनेही तसेच ठरविले होते. पण ठरविलेले त्याच्याने पाळवले नाही. जवळच्या खडकाच्या भेगांत दवण्याच्या जातीचे एक झुडूप उगवले होते. त्याची कडू पाने त्याने तोंडात भरली. त्या कडवटपणाने भोवळ येणार नाही, असा त्याचा हिशेब होता. मग तो त्या कडेपर्यंत उतरला, टाचा घट्ट रोवल्या आणि वीसतीस फूट आडवा सरकत कोसळणाऱ्या पाण्यापाशी जाऊन पोहोचला. आता त्याच्या पायांखाली काहीच नव्हते. पाण्याच्या पांढऱ्या लोळांचे धूमकेतूंसारखे लांब पिसारे होत खाली खाली जात होते, आणि त्यांचा आवाज शेजारी असूनही दूरच्या गर्जनेसारखा वाटत होता. तो तेथे किती वेळ राहिला, हे त्याचे त्यालाही कळले नाही. अंधार पडण्याच्या आत तो मुक्कामावर परतला. मात्र त्या रात्री त्याला सुखाची झोप लागली नाही. डोळा लागला की आपण पाण्याबरोबर आणि दगडांबरोबर दरीत कोसळत आहोत, असे स्वप्न पडून तो दचकून जागा होई. पुन्हा असे साहस करावयाचे नाही, अशी त्याने स्वतःला ताकीद दिली. ती ताकीद त्याने दोन वर्षेही पाळली नाही!

त्याच वर्षी हिवाळ्याच्या आरंभी म्यूर दरीत राहावयास आला. जेम्स हचिंग्ज नावाच्या गृहस्थाचे तेथे उतारूगृह होते. त्यांच्यासाठी म्यूरने पाण्यावर चालणारी लाकूड चिरण्याची गिरणी उभी केली. तिच्यात वादळाने पडलेली झाडेच चिरली जात. स्वतःसाठी त्याने धबधब्याच्या जवळ एक लाकडी झोपडी बांधली. या झोपडीची एक गंमत होती. ओढ्यापासून एक लहानसा पाट काढून त्याने तो झोपडीच्या एका कोपऱ्यातून आत आणला व दुसऱ्या बाजूने बाहेर सोडला. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या पाण्याचे झुळझुळणे ऐकू येई. जमिनीच्या फरशांमधून नेचे उगवत आणि बेडकांचे गाणेही घरबसल्या मिळे.

१८७१ च्या एप्रिल महिन्याच्या आरंभी एका चांदण्या रात्री तो घोंगडी आणि पावाचा तुकडा घेऊन कडा चढून गेला. वरच्या धबधब्याच्या मागे, पायथ्यापासून बरीच उंच, खडकाची एक अरुंद कपार आहे. चांदण्यात धबधब्याच्या तुषारांवर पडणारे फिकट इंद्रधनुष्य तेथून दिसते. वाऱ्याने धबधबा एका बाजूस झुकला होता. पाण्याच्या पडद्यातून चंद्र कसा दिसतो, हे पाहावे म्हणून म्यूर कपारीवरून पुढे पुढे सरकत धबधब्याच्या मागे गेला. वारा पडला की पाणी परत येईल, हा साधा विचार त्याला सुचला नाही! एकाएकी अंधार झाला आणि पाण्याचा मारा त्याच्या अंगावर कोसळला. दुरून मऊ तुषार वाटणारे ते पाणी दगडगोट्यांसारखे आदळत होते. तो गुडघ्यांवर बसला, खडकाचा कोपरा त्याने मुठीत धरला, मान छातीशी घेतली आणि निपचित राहिला. पुन्हा वाऱ्याची झुळूक आली, पाणी बाजूस झाले आणि त्या क्षणात सरपटत तो बाहेर पडला. ओलाचिंब आणि कुडकुडत, पण जिवंत.

केवळ अशी साहसे करून म्यूर थांबला असता, तर त्याचे नाव फार काळ टिकले नसते. तो ओढ्याच्या काठाने वर जाई, तो डोळे उघडे ठेवून. ज्या गुळगुळीत खडकावरून तो अनवाणी घसरत गेला होता, त्याला इतकी चकाकी आणली कोणी? पाण्याने म्हणावे, तर ओढ्यापासून दूर, उंच जागीही तोच चकाकणारा खडक आढळे. त्यावर समांतर ओरखडे असत आणि ते एकाच दिशेला जात. कोठे कोठे परक्या जातीच्या खडकाचे मोठे धोंडे असे पडलेले असत की, ते कोणी मुद्दाम आणून ठेवले असावेत. एकामागून एक ओढ्यांची खोरी पायांखाली घातल्यावर त्याची खात्री झाली की, एके काळी येथे हिमनद्या होत्या आणि त्यांनीच ही दरी कोरली.

जोसाया व्हिट्नी हे त्या वेळी कॅलिफोर्निया प्रांताचे भूगर्भशास्त्रज्ञ होते. दरीचा तळ एकदम खाली खचल्याने योसेमिटी निर्माण झाली, असे त्यांचे मत होते. मेंढ्यांमागे फिरणाऱ्या माणसाने आपल्याला शिकवावे, हे त्यांना रुचले नाही. म्यूरने वाद घातला नाही. तो पुन्हा डोंगरात गेला. १८७१ साली त्याला एका शिखराच्या सावलीत जिवंत हिमनदी सापडली. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या एका हिमनदीवर त्याने खुंट्या रोवल्या. ४६ दिवसांनी पाहिले, तो मधली खुंटी ४७ इंच पुढे सरकली होती! बर्फ वाहते, याचा हा डोळ्यांनी दिसणारा पुरावा होता.

मुख्य दरीतील हिमनदी प्रचंड होती. तिने दरी खोल कोरली. बाजूच्या खोऱ्यांतील हिमनद्या लहान. त्यांना तितके खोल जाता आले नाही. बर्फ वितळल्यावर बाजूच्या ओढ्यांची पात्रे उंचावर अधांतरी राहिली आणि तेथील पाण्याला उडी घेतल्यावाचून गत्यंतर उरले नाही. योसेमिटीच्या धबधब्यांचे रहस्य पुष्कळ अंशी हे आहे. सगळे काम बर्फानेच केले, असे म्यूर समजत असे, ते मात्र बरोबर नव्हते. १९३० साली फ्रान्स्वा मॅथेस या भूवैज्ञानिकाने दाखवून दिले की, बर्फाच्या आधी नदीनेही दरी बरीच खोल केली होती. तरी व्हिट्नींपेक्षा मेंढपाळाचा सोबती सत्याच्या कितीतरी जवळ होता.

दर वेळी पर्वताने त्याला सोडून दिले, असेही नाही. १८७२ च्या अखेरीस काही दिवस शहरात राहून तो परतला आणि लगेच टेनाया ओढ्याच्या अवघड घळीत शिरला. सोपा उतार चढताना त्याचा पाय घसरला. डोके आपटून तो बेशुद्ध झाला. शुद्धीवर आला, तेव्हा लहानशा झुडपांनी त्याला अडवून धरले होते. ती झुडपे नसती, तर तो घळीत गेला असता. शहरातल्या सपाट रस्त्यांनी बिघडविलेल्या आपल्या पायांनाच त्याने दोष दिला, रात्र घळीतच उघड्या खडकावर काढली आणि दुसऱ्या दिवशी अधिक कठीण वाटेने त्या पायांना चालविले.

टेनाया हे नाव त्या ओढ्याला मिळाले, ते दरीच्या मूळ रहिवाशांच्या प्रमुखावरून. आवानीची नावाचे हे लोक पिढ्यान्‌पिढ्या या दरीत राहत आले होते. १८५१ साली सशस्त्र पथकाने त्यांना तेथून हुसकावून लावले. म्यूर ज्या वाटांना निर्जन समजत असे, त्यांतील कित्येक या लोकांच्या पावलांनी पडल्या होत्या. त्यांच्याविषयी त्याने प्रारंभी जे लिहिले, त्यात तिरस्कार आहे. झाडाझुडपांवर इतकी माया करणाऱ्या माणसाच्या चरित्रातील ही उणीव झाकण्यात अर्थ नाही.

१८७९ नंतर त्याने अलास्कातील हिमनद्या पाहिल्या. १८८० साली लुई स्ट्रेंट्झेल हिच्याशी त्याचा विवाह झाला, त्यांना दोन मुली झाल्या आणि मार्टिनेझ येथील फळबागांत तो कष्टाने काम करू लागला. पैसा मिळाला, पण प्रकृती ढासळली. तेव्हा पत्नीनेच त्याला पर्वतात परत जाण्याचा आग्रह केला.

१८८९ साली संपादक रॉबर्ट अंडरवूड जॉन्सन यांच्याबरोबर तो योसेमिटीच्या वरच्या कुरणांत गेला. मेंढ्यांच्या कळपांनी कुरणे उघडी बोडकी करून टाकली होती. टोळधाडीनंतर शेताची जी अवस्था होते, तीच तेथे झाली होती. दरी १८६४ सालीच कायद्याने राखून ठेवण्यात आली होती. परंतु जेथून तिचे पाणी येते, ती वरची खोरी मोकळीच होती. खाली उभा राहून धबधबा पाहणाऱ्याला तो कड्यावरून सुरू होतो, असे वाटते. ओढ्याच्या काठाने चालत गेलेल्या म्यूरला ठाऊक होते की, धबधबा वरच्या बर्फात, झाडांच्या मुळांत आणि गवतात सुरू होतो. जॉन्सन यांच्या मासिकात त्याने दोन लेख लिहिले, आणि १ ऑक्टोबर १८९० रोजी दरीभोवतालचा विस्तीर्ण प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आला. १८९२ साली सिएरा क्लब ही संस्था स्थापन झाली. मरेपर्यंत म्यूर तिचा अध्यक्ष होता.

१९०३ च्या मे महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट योसेमिटीत आले. म्यूरबरोबर त्यांनी तीन रात्री उघड्यावर काढल्या. एका रात्री तर त्यांच्या अंगावर बर्फ पडले. १९०६ साली मूळ दरीही राष्ट्रीय उद्यानात सामील झाली. त्याच १९०३ साली म्यूर जगाच्या प्रवासास निघाला होता. तो आपल्या देशातही आला आणि हिमालयातील देवदारांची वने त्याने पाहिली.

त्याचा अखेरचा लढाही पाण्यासाठीच झाला. योसेमिटीच्या उत्तरेस, त्याच उद्यानात, हेच हेची नावाची दुसरी दरी आहे. म्यूर तेथे प्रथम १८७१ साली गेला होता. योसेमिटीसारखेच कडे, तसेच धबधबे, तळाशी हिरवे कुरण. सॅन फ्रान्सिस्को शहराला पाण्याची गरज होती, ही गोष्ट खरी. १९०६ च्या भूकंपात व आगीत त्या शहराची फार हानी झाल्यावर ती गरज अधिकच तीव्र भासू लागली. या दरीत धरण बांधावे, अशी शहराची मागणी होती. पाणी इतर ठिकाणांहूनही आणता येईल, असे म्यूर व त्याचे मित्र सांगत होते. कित्येक वर्षे वाद चालला. सत्तरी ओलांडलेला म्यूर लेख लिहीत राहिला, पत्रे पाठवीत राहिला. १९१३ च्या डिसेंबर महिन्यात धरणाचा कायदा मंजूर झाला.

पुढच्या वर्षी, २४ डिसेंबर १९१४ रोजी, लॉस एंजेलिस येथे न्यूमोनियाने जॉन म्यूरचा मृत्यू झाला. धरण १९२३ साली पुरे झाले आणि हेच हेचीचे कुरण पाण्याखाली गेले. कड्यावरून येणारा वापामा धबधबा तेथे अजून कोसळतो. पूर्वी त्याचे पाणी कुरणातून वाहत नदीला मिळे, आता ते जलाशयाला मिळते.